इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारला पिकअप आहे, पण दम किती?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. तुम्ही साताऱ्यात राहता आणि कामासाठी सांगलीला येणं-जाणं असतं. सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरवरून कासला किंवा वाईहून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वरला जाता. पाऊण कोटीपर्यंत खर्च करायची तयारी आहे आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी न्यायची इच्छा आहे. मित्र म्हणतात की इलेक्ट्रिक गाडी सिग्नलला सुसाट सुटते, पण जरा रगडली की ढेपाळते, त्यामुळे स्पोर्ट्स कार घ्यायची तर पेट्रोलचीच. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मात्र ते अर्धं कुठलं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण तुमच्या वापरातला मोठा भाग त्यांच्या म्हणण्याबाहेरचा आहे. ताकदीचा वाद केव्हाच मिटलाय. ती ताकद सलग किती वेळ हवी आणि तिच्यासाठी किती वजन सोबत वागवायची तयारी आहे, हा खरा प्रश्न. मी मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी पॅकच्या चाचण्यांचं काम करतो, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. आकडे गाडीगणिक बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी मोटरबद्दल, थोडक्यात. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. पॅडल दाबल्यापासून टॉर्क चाकाशी पोहोचायला काही मिलिसेकंद पुरतात. टर्बो इंजिनात हवा भरून दाब तयार व्हायला पाव-अर्धा सेकंद सहज जातो, आणि घाटाच्या वळणातून बाहेर पडताना हा फरक पायाला लगेच कळतो. शिवाय मोटरला हवा लागत नाही. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्क्याने घटते, म्हणजे कासच्या पठारावर दहा-बारा टक्के गेलेली असते. मोटरची तेवढीच राहते. याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या चढाईत मिळाला. १९.९९ किलोमीटर अंतर, १५६ वळणं, सुरुवात २,८६२ मीटरवर आणि शेवट ४,३०२ मीटरवर. २०१८ साली फोक्सवॅगनच्या आयडी.आर या इलेक्ट्रिक गाडीने रोमाँ द्युमाच्या हाती ही चढाई ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत केली आणि २०१३चा ८ मिनिटं १३.८७८ सेकंदांचा विक्रम मोडला. तो आधीचा विक्रम पेट्रोल गाडीचा होता.

त्या विक्रमातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आयडी.आरची बॅटरी त्या आठ मिनिटांपुरतीच बेतलेली होती, म्हणूनच गाडीचं वजन अकराशे किलोच्या आत ठेवता आलं. रस्त्यावरच्या गाडीला ही चैन परवडत नाही, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे.

पेट्रोल गाडीत टाकी वेगळी आणि ताकद देणारं यंत्र वेगळं. टाकी लहान केली तर पल्ला घटतो, ताकद तेवढीच राहते. बॅटरी मात्र टाकीही आहे आणि पंपही. समजा ८० युनिटचा पॅक आहे (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, विजेच्या बिलावर असतं तेच), त्याचं वजन सुमारे ५०० किलो आणि त्यातून ४०० किलोवॅट खेचायचे आहेत. म्हणजे पॅकच्या क्षमतेच्या पाचपट दराने. आता वजन कमी करायला पॅक ४० युनिटचा केला तर अडीचशे किलो वाचले, पण त्याच ४०० किलोवॅटसाठी प्रत्येक सेलमधून दुप्पट प्रवाह जाणार आणि प्रत्येक सेलमध्ये चौपट उष्णता होणार. मग डिझायनरपुढे दोनच वाटा उरतात. ताकद कमी करायची, नाहीतर जास्त प्रवाह झेपणारे सेल घ्यायचे, ज्यांच्यात किलोमागे ऊर्जा कमी मावते. बाजारात अकराशे किलोची, चांगल्या पल्ल्याची आणि दमदार इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार दिसत नाही ती यामुळे.

तुलनेसाठी, ५० लिटर पेट्रोलचं वजन ३७-३८ किलो आणि त्यात साधारण ४४० युनिट ऊर्जा. इंजिनाने त्यातली पाऊण वाया घालवली तरी शंभरावर युनिट चाकाला मिळतात. आणि टाकी रिकामी होत जाते तशी गाडी हलकी होते. बॅटरी भरलेली काय आणि रिकामी काय, वजन तेवढंच.

आता ‘ढेपाळते’ म्हणजे नक्की काय होतं ते पाहू. ४०० व्होल्टचा पॅक, अंतर्गत रोध ०.१ ओहम, मागणी ३०० किलोवॅट. प्रवाह झाला ७५० अँपिअर. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ५६ किलोवॅट, आणि ती सगळी पॅकच्या आत. ५०० किलोच्या पॅकला एक अंश तापायला ढोबळमानाने ५०० किलोजूल लागतात. म्हणजे पूर्ण ताकदीच्या एका मिनिटात पॅक साडेसहा-सात अंशांनी तापतो. बहुतेक एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलच्या) पॅकमध्ये ५०-५५ अंशांच्या आसपास बॅटरीचं नियंत्रण ताकद कापायला लागतं. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत दुपारी उन्हात उभी केलेली गाडी ३८ अंशांवरून सुरू झाली, तर हातात १५-१७ अंश उरतात, म्हणजे पूर्ण ताकदीची सव्वादोन-अडीच मिनिटं. पॅक २५ अंशांवर असता तर सव्वाचार मिनिटं मिळाली असती. चिलर, म्हणजे पॅक थंड करणारी यंत्रणा, या काळात काम करत असतोच, पण तो काही किलोवॅट उष्णता काढणार आणि आत येतात ५६. शिवाय बहुतेक गाड्यांत तोच कॉम्प्रेसर केबिनचा एसीही चालवतो.

हाच हिशेब उलट बाजूने पाहिला की जिवात जीव येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, तशी ती वर्गानेच घटतेही. निम्मी ताकद वापरली तर उष्णता चौथाई. दोन टनांची गाडी ८ टक्के चढावर ताशी ६० किलोमीटरने नेण्यासाठी चढाचे २६ किलोवॅट आणि हवा-टायरच्या रोधाचे सात-आठ, मिळून ३५च्या आत-बाहेर किलोवॅट लागतात. प्रवाह नव्वद अँपिअरच्या आत, पॅकमधली उष्णता एक किलोवॅटही नाही. वळणातून बाहेर पडताना ३० वरून ८० पर्यंत जोर लावला तर त्याला ०.१२ युनिट लागतात आणि पुढच्या वळणाआधी वेग कमी करताना त्यातले बरेचसे परत मिळतात. म्हणजे पसरणी किंवा यवतेश्वरचा घाट चढताना चांगल्या इलेक्ट्रिक गाडीचा पॅक तापून ताकद कापली जाणं जवळपास संभवतच नाही. ताकद हवी असते ती तीन-चार सेकंदांच्या तुकड्यांत, आणि मध्ये पॅकला उसंत मिळते.

ट्रॅकवर ती उसंत मिळत नाही, आणि यामागचं कारण अनेक जाणकारांनाही सांगावं लागतं. ब्रेक लावल्यावर मोटर जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत जाते. तो प्रवाहही सेलमधूनच जातो आणि तितकीच उष्णता करतो. म्हणजे सरळ पट्ट्यावर पॅक तापतो आणि वळणाआधीच्या ब्रेकिंगमध्येही तापतो. पोर्शे टायकान टर्बो एसचं वजन सुमारे २,३०० किलो. ती २०० वरून ८० वर साडेतीन सेकंदांत आणायची तर सरासरी ८५० किलोवॅट दराने ऊर्जा काढावी लागते. २०२४च्या सुधारित टायकानचं रीजन (ब्रेकिंगमधून वीज परत घेणं) ४०० किलोवॅटपर्यंत जातं, आणि हा आकडा या क्षेत्रात खूप मोठा आहे. तरी निम्म्याहून जास्त भार डिस्क-पॅडवरच राहतो. पोर्शेच्याच, पण पेट्रोलवरच्या, १,४३० किलोच्या आसपासच्या ९११ जीटी३ला याच ब्रेकिंगमध्ये जवळपास ३८ टक्के कमी ऊर्जा जिरवावी लागते.

वजनाचा दुसरा फटका टायरला बसतो. टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडी झुकत नाही आणि वळणात घट्ट बसल्यासारखी वाटते, हा फायदा खरा आहे. पण लांब वळणात बाहेरच्या बाजूचा पुढचा टायर जड गाडीत लवकर तापतो आणि चार-पाच फेऱ्यांनंतर गाडी नाकाने बाहेर सरकू लागते. बॅटरी शाबूत असली तरी टायर आधी थकतात.

८०० व्होल्टबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण शोरूममध्ये हा आकडा हमखास ऐकवतात. तेच सेल ४०० ऐवजी ८०० व्होल्टला जोडले तर प्रवाह निम्मा होतो, पण पॅकचा रोध चौपट होतो, आणि सेलमधली एकूण उष्णता तेवढीच राहते. फायदा होतो तो केबल, कनेक्टर आणि चार्जिंगच्या वेगात. तो मोलाचा आहे, पण ‘८०० व्होल्ट आहे म्हणून बॅटरी तापत नाही’ हे चूक. न तापण्यासाठी कमी रोधाचे सेल आणि सेलला चिकटलेल्या थंड प्लेटची चांगली रचना लागते.

गिअरचा मुद्दा तुमच्यासाठी गौण आहे. एकाच गिअरच्या मोटरची ओढ वरच्या वेगात कमी होत जाते, म्हणून टायकानच्या मागच्या अॅक्सलला दोन गिअर दिलेत. आपल्या महामार्गावरच्या वेगमर्यादेत ही उणीव जाणवणारच नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, काही सेकंदांची ताकद, घाट, चढ, उंची आणि रोजचा वापर यांत इलेक्ट्रिक सरस आहे. वीस-वीस मिनिटं सलग रगडणं, हलकेपणा आणि पटकन पुन्हा ‘भरून’ ट्रॅकवर उतरणं यांत आज पेट्रोल पुढे आहे. तुम्ही वर्षातले बहुतेक दिवस पहिल्या प्रकारात गाडी चालवणार, म्हणून मी तुम्हाला इलेक्ट्रिक घ्या असंच सांगेन. ट्रॅकचा छंद मोठा असता, महिन्या-दोन महिन्यांनी जात असता, तर सल्ला उलटा दिला असता.

ट्रॅकचा हिशेब तरीही मांडतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. रस्त्यावर अशी गाडी शंभर किलोमीटरला १८ ते २२ युनिट खाते. ट्रॅकवर जोरात पळवली तर ७० धरा. पॅक ९० टक्क्यांवर सुरू करून २० वर थांबवला तर ८० पैकी ५६ युनिट हाताशी, म्हणजे ८० किलोमीटर. चेन्नईजवळचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, म्हणजे २१ फेऱ्या. कागदावर ठीक वाटतं, पण उष्णतेमुळे त्या पाच-सहा फेऱ्यांच्या तुकड्यांतच कराव्या लागतील आणि मध्ये अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ द्यावी लागेल. त्यात २० टक्क्यांकडे जाताना सेलचं व्होल्टेज घसरतं आणि ताकद पहिल्या फेरीइतकी राहत नाही. १०० टक्क्यांवरूनही सुरू करू नका. भरलेला पॅक रीजन स्वीकारत नाही, त्यामुळे पहिल्या फेऱ्यांत ब्रेकचा अंदाज वेगळा लागतो आणि नंतर बदलतो. नवख्या माणसाला हे धोक्याचं आहे. ६० किलोवॅटच्या चार्जरवर २० ते ८० टक्के व्हायला पन्नास मिनिटं ते तास लागेल. ट्रॅकवर तेवढा चार्जर आहे का, आधी फोन करून विचारा. साताऱ्याहून हजार किलोमीटरहून जास्त जायचंय, तिथे पोहोचून १५ अँपिअरच्या सॉकेटवर अवलंबून राहण्यात अर्थ नाही.

मधली वाटही आहे. २०२४च्या ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये पोर्शेने फक्त १.९ युनिटची बॅटरी बसवली. वजन सुमारे ५० किलोने वाढलं आणि एकूण ताकद ५४१ पीएस (अश्वशक्ती) झाली. मोटर फक्त इंजिन मागे पडतं तेवढ्या क्षणापुरती मदत करते. माझ्या मते आजच्या सेलच्या मर्यादेत ट्रॅकसाठी हीच सर्वांत समंजस रचना आहे. तुमच्या बजेटच्या ती बरीच वर आहे, पण जीव कुठे लावायचा ते त्यावरून कळतं.

तुमच्या बजेटमध्ये बसणारी खरीखुरी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार म्हणजे एमजी सायबरस्टर. ७७ युनिट, दोन मोटर, ५१० पीएस आणि वजन जवळपास दोन टन. दोन माणसांची, उघड्या छताची गाडी दोन टनांची, हे वाचून वर सांगितलेला बॅटरीचा पेच आठवेल. घाटात ती तुम्हाला खूश ठेवेल. आपल्या गावांतले अंदाजपंचे बांधलेले गतिरोधक मात्र तिला मानवणार नाहीत. बॅटरी तळाशी असते. कडेवरून किंवा गतिरोधकावरून घासलेली गाडी वर घेऊन पॅकचं आवरण आणि थंड प्लेटच्या नळ्या तपासून घ्याव्या लागतात. कूलंटची पातळी हळूहळू उतरत असेल तर ‘टॉप-अप’ करून पुढे जाऊ नका, गळती शोधा.

आता घाटातल्या सवयी. वाई ते पाचगणी साधारण साडेपाचशे मीटरची चढाई आहे. दोन टनांची गाडी तेवढी वर नेण्यात नुसत्या उंचीचे तीन युनिट जातात आणि उतरताना त्यातले दोनच्या आसपास परत येतात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर चार-पाच युनिट परत येतील, म्हणजे पॅकचे पाच-सहा टक्के. त्यामुळे वर मुक्कामाला गाडी रात्रभर चार्जिंगला लावताना मर्यादा ८५ टक्क्यांवर ठेवा. १०० टक्के भरून घाट उतरायला लागलात तर रीजन मिळणार नाही आणि दोन टनांचा सगळा भार ब्रेकवर येईल, तोही तुम्हाला पॅडलवरून पाय उचलून रीजनवरच गाडी थोपवायची सवय लागलेली असताना.

पावसाळ्यात तर विशेष जपा. ५०० न्यूटन-मीटरची मोटर नऊच्या गुणोत्तरातून चाकांना १३,६०० न्यूटनच्या आसपास ढकल देते. ओल्या, लाल मातीने माखलेल्या डांबरावर मागच्या दोन चाकांची पकड पाच हजारांच्या आत असते. मधला फरक ट्रॅक्शन कंट्रोल सांभाळतं आणि मोटरमध्ये ते इंजिनपेक्षा फार चांगलं सांभाळतं, पण ते बंद करून कासच्या वाटेवर मजा घ्यायचा मोह टाळा. पावसात गाडी ‘स्पोर्ट’ऐवजी साध्या मोडवर ठेवा. शक्य असेल तर चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती घ्या. टायर बदलताना गाडीच्या वजनाला मान्य असलेला भारांकच (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) घ्या, दुकानदाराने त्याच मापाचा स्वस्त दाखवला तरी. आणि रीजनमुळे डिस्क कमी वापरात येऊन दमट हवेत गंजतात, म्हणून आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा घट्ट ब्रेक लावून त्या स्वच्छ करा.

घाटात ही गाडी आवाज करत नाही. वळणापलीकडचा दुचाकीवाला, पायी चालणारा, एसटीतून उतरलेली म्हातारी यांना तुम्ही आल्याचं कळत नाही, आणि इंजिनाचा चढता सूर नसल्याने तुम्हालाही स्वतःचा वेग कमीच वाटतो. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. सांगलीकडे गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या दिव्यांशिवाय उभ्या असतात आणि रस्त्यावर ऊस सांडलेला असतो. तिथे तीन सेकंदांत शंभर गाठणारी ताकद कुणाच्याही जिवावर उठू शकते.

सांगलीच्या पुराचं वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२१ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते तुम्ही पाहिलंय. पॅकवरचं ‘आयपी६७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही नव्या पॅकची चाचणी. दोन दिवस गढूळ पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला ते लागू होत नाही. अशी गाडी सुरू करून पाहू नका, चार्जिंगला लावू नका, घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब उभी करा. ओढून नेण्याऐवजी फ्लॅटबेडवर न्या, कारण चाकं फिरली की चुंबकवाली मोटर वीज तयार करतेच.

घरी चार्जिंगला ७.४ किलोवॅटचा चार्जर पुरतो. ७७ युनिटला दहा-अकरा तास लागतात. त्यासाठी ३२ अँपिअरची वेगळी लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (गळतीचा प्रवाह दिसताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग लागतं. महावितरणकडे मंजूर भार आधी वाढवून घ्या.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवतीची एक चक्कर काही सांगत नाही. पॅक ६० टक्क्यांच्या आसपास असताना गाडी मागा. महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यात, मर्यादेत राहून, ४० ते १०० असा जोर दहा वेळा लावा आणि सोबतच्या माणसाला वेळ मोजायला सांगा. पहिल्या आणि दहाव्या वेळेत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर थंड करण्याची व्यवस्था कमजोर आहे. जमलं तर २० टक्क्यांवरही एकदा पाहा. माहितीपत्रकातल्या कमाल ताकदीवर जाऊ नका. एआयएस-०४१ या भारतीय वाहन मानकाच्या चाचणीत ‘३० मिनिटांची कमाल ताकद’ मोजतात, तो आकडा विचारा. तो कमाल ताकदीच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो, आणि गाडीचा दम त्यावरूनच कळतो.

शेवटची गोष्ट वॉरंटीची. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची असली तरी ट्रॅकवरचा वापर बहुतेक कंपन्या त्यातून वगळतात, आणि पॅकचं तापमान, लाँच कंट्रोल (थांबलेल्या गाडीने पूर्ण जोराने सुटण्याची सोय) किती वेळा वापरलं, याची नोंद गाडीत राहते. ट्रॅकवर एक दिवस गाडी नेली तर नेमकं काय रद्द होतं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि मगच बुकिंगची रक्कम भरा.